डिचोलीच्या बिशपचीही बाजू छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्याच्या जुन्या चर्चवर आलेला लेख वाचला. फोटो सुरेख होते, बॉम जेझस बासिलिकाची माहितीही नीट दिली होती. पण शेवटच्या रकान्यात लेखकाने दोन वाक्ये अशी टाकली आहेत की वाचता वाचता माझा चहा निवून गेला. एक, लॅटिन परंपरेतला, म्हणजे रोमच्या रीतीने उपासना करणाऱ्या कॅथलिकांतला, पहिला भारतीय बिशप १९२३ मध्ये झाला. दोन, सतराव्या शतकात डिचोलीत बसलेल्या एका फितूर बिशपने आदिलशहाला गोव्यावर बोलावले. पहिले वाक्य चुकीचे आहे, दुसरे अर्धवट. आणि गंमत अशी की पहिल्या वाक्यात ज्याचा मान काढून घेतला, दुसऱ्यात आरोपही त्याच माणसावर ठेवला आहे. नाव मात्र दोन्हीकडे नाही. ते मातेउस द कास्त्रो. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच तर माझ्या घरगुती गोष्टींना लावा, सनावळीला लावू नका.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, आम्ही आरएमएस म्हणतो, भुसावळला सॉर्टर होतो. रात्रभर धावत्या डब्यात खणांपुढे उभे राहून पत्रे लावायची, बॅगा बांधायच्या, लाख वितळवून सील मारायचे आणि स्टेशन आले की खाली द्यायच्या, हे आमचे काम. मी ख्रिस्तीही नाही. पण भुसावळ रेल्वेने वसवलेले गाव, त्यामुळे इथे कोण कुणाचा शेजारी होईल सांगता येत नाही. आमच्या शेजारी निवृत्त गार्डसाहेब राहतात, मूळचे गोव्याच्या दिवाडी बेटावरचे. सगळी आळी त्यांना अंकल म्हणते. एकदा उन्हाळ्यात ओट्यावर केळीचे वेफर्स खात बसलो असताना ते म्हणाले, ‘‘आमच्या बेटावरचा एक पोर पायी रोमला गेला आणि बिशप होऊन आला, तुला ठाऊक आहे?’’ मला ठाऊक नव्हते. मग मी वाचत सुटलो. वाचनालयातली इंग्रजी पुस्तके डिक्शनरी उघडी ठेवून वाचली. पुस्तकातून डोके वर निघेना, तेव्हा घरातून आवाज आला, ‘‘तुमचा बिशप काय जेवाले वाढनार हाये का?’’

तर कास्त्रो. जन्म १५९४ च्या सुमाराचा, दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण घराण्यातला. ज्या गोव्यात ते वाढले तिथे फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले, म्हणजे चर्चमध्ये मराठी ओव्या म्हटल्या जात होत्या. देवाची भाषा मराठी चालत होती, देवाचा पुजारी मात्र इथला सहसा चालत नव्हता. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन या संघांची दारे इथल्या माणसाला बंद होती. फारच झाले तर साधा पाद्री व्हायचे आणि गोऱ्या पाद्रीबाबाच्या हाताखाली राबायचे. कास्त्रो फ्रान्सिस्कनांच्या हाताखाली शिकले आणि पाद्री होण्याची दीक्षा मागायला आर्चबिशप क्रिस्तोवाँव द सा इ लिस्बोआ यांच्याकडे गेले. त्यांनी नकार दिला. इथल्या लोकांना दीक्षा द्यायचीच नाही, असे या आर्चबिशपांचे धोरण होते.

आपल्याकडचा एखादा असता तर नशिबाला बोल लावून घरी बसला असता. कास्त्रो रोमला निघाले. लिस्बनच्या जहाजाने नाही, कारण त्या जहाजावर चढायलाही पोर्तुगीजांचीच परवानगी लागणार. इराणमार्गे, खुष्कीच्या वाटेने, जेरुसलेम करत ते १६२५ मध्ये रोमला पोचले. नकाशावर बोट ठेवून बघा. आम्हाला भुसावळहून मुंबईला जायचे तर आधी रिझर्वेशन बघतो.

रोमला ते अगदी नेमक्या वेळी पोचले. तीनच वर्षांपूर्वी, १६२२ मध्ये, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराचे एक नवे खाते उघडले होते. त्याचे नाव प्रोपागांडा फिदे. या खात्याचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली हे मोठे चिकाटीचे गृहस्थ. १६४९ मध्ये मरेपर्यंत ते त्या खुर्चीवर होते. त्यांचे म्हणणे असे की परदेशी मिशनरी किती पाठवणार? ज्या देशात धर्म रुजवायचा तिथलीच माणसे पाद्री झाली पाहिजेत, बिशपही झाली पाहिजेत. हे ते कागदावर मांडत असताना दारात एक हिंदुस्थानी माणूस अंगभर धूळ घेऊन उभा. इंगोलींना आणखी काय हवे होते! कास्त्रोंना रोममध्ये शिकवले, १६३० च्या आसपास दीक्षा दिली आणि कागदपत्रे देऊन गोव्याला परत पाठवले.

आता इथे पाद्रुआदो ही भानगड समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही, आणि आपल्या लेखकाने नेमकी तीच गाळली आहे. पंधराव्या शतकापासून पोपांनी पोर्तुगालच्या राजाला एक एक अधिकार देत नेले. पूर्वेकडे चर्च बांधायची, पाद्र्यांना पोसायचे, जहाजातून न्यायचे, हा सगळा खर्च राजाने करायचा. बदल्यात बिशप कोण नेमायचा ते राजा सुचवणार आणि पोप त्यावर शिक्का मारणार. गोव्यातली मंडळी पुढे असे म्हणू लागली की लिस्बनमार्गे आल्याशिवाय पोपचा कागदसुद्धा इकडे लागू नाही. इकडे रोमला पश्चात्ताप होत होता. राजाची ताकद कमी झाली होती, डच समुद्रावर धुमाकूळ घालत होते, तरी हक्क काही सुटेना. प्रोपागांडा खाते उघडले ते बऱ्याच अंशी या हक्काला वळसा घालायला.

मला हे भांडण चटकन कळले, कारण नोकरीत तेच शिकलो. बॅगेचे सील शाबूत आहे, लेबल बरोबर आहे, तर समोरच्याने ती घ्यायची आणि सही द्यायची. ती अमक्या गाडीने का आली, तमक्या गाडीने का नाही, यावरून ती परत फिरवता येत नाही. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी मात्र अशीच बॅग परत फिरवली. १६३३ मध्ये कास्त्रो पोपचा कागद घेऊन परतले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की हे पत्र लबाडीने मिळवलेले आहे, आम्ही ते मानत नाही. शिक्का रोमचा, सही रोमची, पण लिस्बनच्या थैलीतून आले नाही ना!

कास्त्रो पुन्हा रोमला गेले. या खेपेला रोमने वरचढ उत्तर दिले. १६३७ मध्ये त्यांना थेट बिशपच केले. सन लक्षात ठेवण्यासारखा आहे. आदल्याच वर्षी, १६३६ मध्ये, निजामशाही बुडाली होती आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले होते. शिवाजी महाराज तेव्हा लहान मूल होते. त्या काळात दिवाडी बेटावरचा एक माणूस बिशप झाला. लेखात छापलेल्या १९२३ च्या आधी २८६ वर्षे.

हे बिशपपद कसले होते तेही पाहण्यासारखे आहे. गोव्याची गादी राजाच्या हक्कातली, ती देता येत नव्हती. म्हणून त्यांना क्रिसोपोलिस या जुन्या, नावापुरत्या उरलेल्या धर्मप्रांताचे बिशप केले आणि काम दिले आदिलशाहीच्या मुलखातले. पोर्तुगीज लोक आदिलखानाचा उच्चार इदालकाव असा करत, म्हणून रोमच्या दफ्तरात ते ‘इदालकावचे विकार अपोस्तोलिक’. विकार अपोस्तोलिक म्हणजे राजाचा नव्हे, सरळ पोपचा माणूस. ही युक्ती रोमला इतकी आवडली की पुढे व्हिएतनाम आणि चीनकडेही फ्रेंच बिशप याच पद्धतीने पाठवले गेले.

परत आल्यावर गोव्यात त्यांना थारा मिळाला नाही, म्हणून ते नदीपलीकडे डिचोलीत जाऊन राहिले. डिचोली तेव्हा मोहम्मद आदिलशहाच्या राज्यात. हा पलीकडचा काठ मी पाहिला आहे. अंकलने एकदा हट्टाने मला त्यांच्या गावी नेले. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला, मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. बोट म्हणजे एक लोखंडी पत्रा. त्यावर दुचाक्या, माशांच्या टोपल्या, शाळेची पोरे, आणि इंजिनाच्या धडधडीत कुणाचे बोलणे कुणाला ऐकू येत नाही. तोंडातले पान संपायच्या आत आपण पलीकडे. त्या काठावर सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हे दैवत मूळ दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून इकडे आणले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तो शिलालेख आजही दारावर आहे. मी नमस्कार केला. अंकल चप्पल काढून बाहेर थांबले आणि म्हणाले, ‘‘तुझा देव आणि माझा बिशप, दोघांनाही हीच नदी ओलांडायला लागली.’’ मला तरी गोव्याच्या इतिहासावर एवढे नेमके बोललेले दुसरे काही आठवत नाही. पुरवणीतल्या लेखात सप्तकोटेश्वराला अर्धा रकाना आहे, तो असायलाच हवा. पण त्याच काठावर बसलेल्या बिशपला फितूर हे एक विशेषण पुरते, हे कसे?

डिचोलीत बसून कास्त्रोंनी इथल्या तरुणांना दीक्षा देण्याचा सपाटा लावला. ज्यांना गोव्यात नकार मिळत होता ते नदी ओलांडून येऊ लागले. गोव्याच्या चर्चने जाहीर केले की या दीक्षा खऱ्या नाहीत, या लोकांना लॅटिनही येत नाही. लॅटिनचा आक्षेप अगदी खोटा नसावा. घाईघाईने दीक्षा दिल्या की असे व्हायचेच. पण गोऱ्या पाद्र्यांना कोकणी किती येत होती, ही परीक्षा कोणी घेतली नाही.

रोमने पुढे त्यांच्या गळ्यात इथिओपियाही घातला. हे प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्यातून फारसे काही निघाले नाही. तिथल्या राजाने कॅथलिक पाद्र्यांना हाकलले होते. कास्त्रो तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत गेले, आत शिरता आले नाही. मात्र यामुळे एक नवा वैरी तयार झाला. इथिओपियातून हाकललेले जेझुइट पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, अफोन्सो मेंदेस गोव्यात येऊन बसले होते. आपल्या हातून गेलेला प्रांत एका हिंदुस्थानी माणसाला दिला, हे त्यांना सहन झाले नाही. कास्त्रोंच्या कातडीबद्दल त्यांनी वापरलेले शब्द आपण छापू शकणार नाही, म्हणून लिहीत नाही. धर्मगुरूंनी धर्मगुरूबद्दल वापरलेले शब्द आहेत ते.

आता कास्त्रोंची दुसरी बाजू. वकिली करतो म्हणून ती लपवणार नाही. माणूस भांडखोर होता. जिथे जाईल तिथे तक्रारअर्ज, जिथून येईल तिथे वाद. जेझुइटांवर त्यांचा इतका राग की त्यापुढे दुसरे काही दिसेना. आणि मुख्य दोष हा की त्यांचा लढा ब्राह्मणांपुरता होता. गोऱ्यांनी आपल्याला कमी लेखले याची जी चीड त्यांना होती, ती चीड गोव्यातल्या कुणब्या-गावड्यांच्या वाट्याला आलेल्या कमीपणाबद्दल कुठे दिसत नाही. १६५३ मध्ये त्यांनी एक पत्रक लिहिले, त्याचे नावच ‘ब्राह्मणांचा आरसा’. गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिश्चनांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठावे, असा त्याचा सूर. बाप्तिस्मा घेतला तरी जात अंगातून गेली नव्हती, हे आपल्याला नवे नाही. इकडेही देवळात, पंगतीत, वसतिगृहात कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवणारे लोक मी नोकरीच्या गावागावांत पाहिले आहेत. कास्त्रोंना हुतात्मा करून फेटा बांधायची मला मुळीच हौस नाही.

पण फितुरीचा आरोप तपासून बघा. १६५४ मध्ये आदिलशाही फौज गोव्याच्या बारदेश भागात शिरली हे खरे. त्यामागे कास्त्रोंची फूस होती असे गोव्याचे अधिकारी म्हणत, डचांनाही त्यांनी चिथावले असेही म्हणत. ते पोर्तुगीजांवर इतके उखडले होते की आदिलशहाच्या दरबारात त्यांनी गोव्याबद्दल चार शब्द वाईट बोलले असतील, यात मला नवल वाटत नाही. पण त्याआधीचे वर्ष बघा. १६५३ मध्ये, म्हणजे ‘आरसा’ लिहिला त्याच वर्षी, गोव्यातल्या पोर्तुगीजांनी आपलाच व्हाइसरॉय, ओबिदुसचा काउंट, पदावरून काढला आणि ब्राश द कास्त्रो नावाच्या फिदाल्गोला, म्हणजे सरदाराला, खुर्चीवर बसवले. हे कास्त्रो आमच्या कास्त्रोंचे कोणी नव्हेत, अस्सल पोर्तुगीज. राजाच्या प्रतिनिधीला राजाच्याच सरदारांनी हुसकले, आणि १६५५ पर्यंत हा कारभार चालला. लेखात या फिदाल्गोंना काय म्हटले आहे? काहीच नाही, त्यांचे नावही नाही.

दुसरे म्हणजे गोव्याला तेव्हा धर्माचा धनीही नव्हता. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला. स्पेनच्या दडपणाखाली पोपने नव्या राजाला मानले नाही आणि त्याने सुचवलेल्या बिशपांवर शिक्का मारला नाही. १६६८ मध्ये स्पेनशी तह झाला तेव्हा कुठे ती गाठ सुटली. मधल्या काळात म्हातारे बिशप मरत गेले आणि गाद्या रिकाम्या पडत गेल्या. १६५२ मध्ये गोव्याचे आर्चबिशप वारले, त्यानंतर कित्येक वर्षे ती खुर्ची तशीच. म्हणजे राजाला बिशप नेमता येत नव्हता, आणि पोपने रीतसर नेमलेला, नदीपलीकडे बसलेला बिशप गोव्याला चालत नव्हता. अशा वेळी तो माणूस कोणाशी फितूर झाला म्हणायचे? पोर्तुगालच्या राजाचे मीठ त्याने खाल्लेच नव्हते. राहत होता आदिलशहाच्या राज्यात, नेमणूक पोपची. त्याला उतावळा म्हणा, आगलाव्या म्हणा, माझी हरकत नाही.

१६५८ पर्यंत ते रोमला परत पोचले होते आणि नंतर हिंदुस्थानात आले नाहीत. प्रोपागांडाच्या आश्रयाला राहून १६७७ मध्ये वारले, वय ऐंशीच्या पुढे. त्या साली शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर होते आणि डिचोलीवरची आदिलशाही कधीच उठली होती. कास्त्रोंच्या मागे काम थांबले नाही. कुस्तोदियो द पिन्यो हे दुसरे गोवेकर १६६९ मध्ये बिशप झाले, आणि कास्त्रोंचा पुतण्या तोमास द कास्त्रो हाही बिशप होऊन कानडी मुलखाकडे गेला. त्याचेही तिथे गोव्याच्या माणसांशी हद्दीवरून वाजलेच. त्यात समोर होते जोसे वाझ, ज्यांना २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत संत म्हणून घोषित केले. तेही गोव्याचे, तेही ब्राह्मण घरातले. म्हणजे भांडण गोरे विरुद्ध काळे एवढे सरळ नव्हते, कागद कुठल्या दारातून आला हाच वाद पुढच्या पिढीतही चालू होता.

आणि मग सगळे बंद. लॅटिन परंपरेत पुढचा भारतीय बिशप व्हायला १९२३ उजाडले, तुतिकोरिनचे तिबुर्तियस रोश. आपल्या लेखकाने हे साल कुठून उचलले ते उघड आहे. पुस्तकात ‘आधुनिक काळातला पहिला’ असे असते, त्यातले ‘आधुनिक काळातला’ हे दोन शब्द गळाले. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचा इतिहास वेगळा, त्यांत मी शिरत नाही. पण सतराव्या शतकात तीन हिंदुस्थानी बिशप होऊन गेले आणि नंतर दोनशेहून जास्त वर्षे एकही नाही, ही बातमी आहे संपादकसाहेब. पहिला कोण यापेक्षा मोठी.

खानदेशच्या पेपरात याला जागा कशाला, असे कोणी विचारील. तर आपल्याकडेही ही मंडळी येऊन गेली आहेत. अकबराने असीरगडाला वेढा घातला तेव्हा बऱ्हाणपूरच्या छावणीत त्याच्यासोबत जेरोनिमो झेवियर आणि बेंतो द गोइश हे जेझुइट होते. झेवियर हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातले. किल्ल्यात बहादूर फारुकीच्या चाकरीत काही पोर्तुगीज होते, आणि अकबराला गड फोडायला पोर्तुगीज तोफा हव्या होत्या. त्यासाठी चौलच्या पोर्तुगीजांना पत्र लिहा असे त्याने झेवियरना सांगितले, त्यांनी ते नाकारले आणि बादशहा संतापला, असे जेझुइटांचा वृत्तांत सांगतो. १६०१ च्या जानेवारीत गड पडला. फारुकी संपले, खानदेश मोगलांचा झाला, आणि गोव्याला वकील धाडायचे ठरले तेव्हा त्यांच्यासोबत गोइशही गेले. बऱ्हाणपूर स्टेशनावर मी किती बॅगा उतरवल्या असतील, पण तिथे पोपची, पोर्तुगालच्या राजाची आणि अकबराची सोंगटी एकाच पटावर बसली होती, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. कास्त्रो तेव्हा दिवाडीवर सहा-सात वर्षांचे पोर होते.

आणि आजचे पाहा. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कॅथलिकांच्या नाशिक धर्मप्रांतात येतात. तो १९८७ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव, अस्सल मराठी माणूस. भालेराव नावाचा बिशप आज कुणाला खटकत नाही. अंकल सांगतात की त्यांच्या आजोबांच्या काळी बिशप म्हणजे लाल दाढीचा साहेब, यात कुणाला वावगे वाटत नसे. त्या आजोबांच्या आधी अडीचशे वर्षांपूर्वी त्यांच्याच बेटावरचा माणूस ती टोपी घालून डिचोलीत बसला होता, आणि गावात कुणाला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. १९२३ च्या जागी १६३७ करावे, आणि आरोप ठेवायचाच असेल तर तो करणारे कोण होते हेही त्याच ओळीत द्यावे. कास्त्रोंचे मूळ घराण्याचे आडनाव महाले असे सांगतात, तेही छापा. खानदेशात महाल्यांची घरे गावोगाव आहेत. त्यांतला एकही दिवाडीचा निघायचा नाही, पण तो अंक सगळे विकत घेतील.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर,
भुसावळ